नोकरीत राहून नवीन काम शिकायचंय? आधी तास कागदावर घ्या

भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये एक दादा आहेत. वय ४१, प्रेस शॉपला १६ वर्षं काढलेली. त्यांना व्हीएमसीची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनची सेटिंग शिकायची होती, म्हणजे नवीन जॉब (घडवायचा भाग) आला की मशीन आणि टूल लावून तयार करायचं काम. साहेबांना विचारलं तर साहेब म्हणाले, हो, शिका की, वेळ मिळेल तसं सेटरच्या मागे उभं राहून बघून घ्या. दोन वर्षं दादा बघत राहिले. जेवणाच्या सुट्टीतला पाव तास, शिफ्ट सुटल्यावरचा अर्धा तास, आणि तेव्हा सेटर काका बस पकडायच्या गडबडीत. दोन वर्षांनी दादांना जॉब लावता-काढता येत होता, सायकल स्टार्ट मारता येत होतं, बाकी काही नाही. मग नवीन प्रॉडक्शन मॅनेजर आले, त्यांनी मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी २ ते ५ दादांना प्रेसवरून मोकळं करायचं असं लेखी केलं, काकांच्या टार्गेटमधूनही तेवढे तास कमी केले, आणि नऊ महिन्यांत दादा एकटे सेटिंग करायला लागले. माणूस तोच, शिकवणारे काका तेच, मशीनसुद्धा तेच.

हिशोब करून बघा, आठवड्याला ६ तास म्हणजे नऊ महिन्यांत साधारण सव्वादोनशे तास. एवढ्यात एक धडधाकट हुनर हातात येतं. पण ते तास कुणीतरी द्यावे लागतात, आणि तोंडी दिलेले तास डिस्पॅचच्या गडबडीत पहिले उडतात. मी आता ट्रेनिंगचं काम बघतो, त्याआधी बरीच वर्षं मशीनवर होतो, आणि २२ वर्षांच्या पोरापासून ५४ वर्षांच्या काकांपर्यंत सगळ्यांना शिकताना बघितलंय. वयाने कोण अडलंय असं फार कमी वेळा झालं, तासांवाचून अडलेले मात्र खूप बघितले. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, जे आधीच नोकरीत आहेत आणि त्याच कंपनीत दुसरं, वरचं किंवा वेगळं काम शिकायचंय त्यांच्यासाठी. फॅक्टरीतले असा, हॉस्पिटलमधले असा नाहीतर अकाउंट्सच्या टेबलावरचे.

सगळ्यात आधी: कायद्यातली अप्रेंटिसशिप आणि ही, दोन्ही वेगळ्या

इथे चूक झाली तर नुकसान मोठं आहे म्हणून हे नीट वाचा. आपल्याकडे अप्रेंटिस म्हटलं की १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, मुदत साधारण ६ महिने ते ३ वर्षं, २०१९ च्या नियमांत किमान स्टायपेंड शिक्षणाप्रमाणे महिन्याला ५,००० ते ९,००० रुपये ठरवला गेला. २०१६ साली राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना आली, त्यात स्टायपेंडचा २५ टक्के भाग, जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना, सरकार उचलतं. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांसाठी वेगळी राष्ट्रीय योजना आहे, ती आपल्या पश्चिम विभागात मुंबईच्या अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बोर्डाकडून चालते. नवीन पोरांना हे सगळं फार उपयोगाचं आहे, माझ्या पुतण्याला मीच आयटीआय झाल्यावर त्यात घातला.

पण कायद्याप्रमाणे अप्रेंटिस हा कामगार धरला जात नाही, तो शिकणारा उमेदवार. त्याला पीएफ लागू नाही, ईएसआय लागू नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधनही मालकावर नाही. आता विचार करा, तुम्ही १२ वर्षं पर्मनंट आहात, ग्रॅच्युइटी साठलीय, पीएफ चालू आहे, आणि कुणीतरी म्हणालं की राजीनामा द्या आणि अप्रेंटिस म्हणून नवीन डिपार्टमेंटला जॉइन व्हा, कागदपत्रांची औपचारिकता आहे फक्त. अजिबात सही करू नका. नोकरीत असलेल्या माणसाने शिकायचं ते आपल्या एम्प्लॉयी नंबरवर, आपल्या पगारात, सर्व्हिस न तोडता. शिकायची पद्धत उमेदवारीची, कागद मात्र कर्मचाऱ्याचा.

इंग्लंडमध्ये याची सोय सरळ कायद्यातच आहे. तिथे आधीपासून नोकरीत असलेला माणूसही अप्रेंटिस होऊ शकतो, वरची वयोमर्यादा नाही, पगार कर्मचारी म्हणूनच चालू राहतो आणि शिकण्याचा वेळ कामाच्या तासांतूनच द्यावा लागतो. एप्रिल २०१७ पासून ज्या मालकांचं वर्षाचं पगारबिल ३० लाख पौंडांच्या वर जातं त्यांच्याकडून यासाठी ०.५ टक्का वेगळा आकारही घेतात. आपल्याकडे नोकरीतल्या माणसासाठी तशी बांधलेली सोय नाही, त्यामुळे आपली व्यवस्था आपल्यालाच कंपनीशी बोलून बांधायला लागते. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: कुठलं काम शिकायचं ते कंपनीच्या अडचणीतून शोधा

बरेच जण इथे आवडीपासून सुरू करतात, मला रोबोटिक्स आवडतं, मला डेटा आवडतो. आवड असू द्या, पण कंपनी तुम्हाला आठवड्याचे सहा तास का देईल याचं उत्तर तिच्या अडचणीत असतं. पंधरा दिवस एक वही ठेवा आणि एवढंच टिपा: काम कुठे आणि कुणावाचून थांबलं. तिसऱ्या शिफ्टला सेटर नाही म्हणून मशीन बंद राहिलं, पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) फॉल्ट आला आणि बाहेरचा सर्व्हिस इंजिनिअर यायला दीड दिवस लागला, सीएमएम (जॉब अचूक मोजायचं मशीन) चालवणारा एकच पोरगा आहे आणि तो रजेवर गेला की सगळे जॉब क्वालिटीत अडकून बसतात, अकाउंट्समधल्या ताई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि रिटर्न भरायला बाहेर पैसे मोजावे लागले. अजून एक बघा, येत्या दोन-तीन वर्षांत रिटायर कोण होतंय. टूल रूममधले ५६ वर्षांचे काका गेले की त्यांच्या हातातलं सगळं त्यांच्याबरोबर जाणार हे मॅनेजमेंटलाही कळत असतं, फक्त कुणी बोलत नाही.

या यादीतून तुमच्या आत्ताच्या कामाला लागून असलेलं काम निवडा. ऑपरेटरला सेटिंग, सेटरला प्रोग्रॅमिंग, इन्स्पेक्टरला सीएमएम, वॉर्डातल्या सिस्टरला डायलिसिस किंवा ओटी, डेटा एन्ट्रीवाल्याला जीएसटी. दोन पायऱ्या एकदम उडी मारायची असेल तर मध्ये कुठे थांबायचं तेही आत्ताच ठरवा. प्रेसवरून थेट प्रोग्रॅमिंगला जायचं म्हणणारे माझ्याकडे येतात, त्यांना मी आधी सेटिंगलाच पाठवतो, कारण जॉब कसा पकडलाय आणि टूल कुठून येतंय हे हाताला कळल्याशिवाय प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे गाव न बघता नकाशा काढणं.

पायरी २: शिकवणारा शोधा, आणि साहेबांच्या आधी त्याच्याशी बोला

चांगला कारागीर चांगला शिकवतोच असं नाही. मी तीन गोष्टी बघतो. एक, तो काम करताना बोलतो का, म्हणजे आता हे का केलं हे सांगतो का. दोन, दुसऱ्याचा हात चुकला तर हातातून पाना ओढून घेतो की थांबतो. तीन, त्याच्या हाताखालून आधी कुणी तयार होऊन गेलंय का. तिसरी खूण सगळ्यात खरी.

आणि त्याच्या मनातली भीती समजून घ्या. ह्याला शिकवलं तर माझा ओव्हरटाइम जाईल, उद्या ह्याला ठेवून मला बदलतील, ही भीती खोटी नाही, असं घडलेलं त्याने बघितलेलं असतं. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो, घरचा हप्ता त्याच्यावर बेतलेला असतो. त्यामुळे साहेबांकडे जायच्या आधी चहाला त्याच्याशी बोला, काका, मला तुमच्या हाताखाली शिकायचंय, तुमचं टार्गेट कमी करून घेऊ आणि तुमचं नाव कागदावर घेऊ, तुम्हाला चालेल का. शिकवण्याचा भत्ता मिळवता आला तर उत्तमच, नाही मिळाला तरी निदान त्याच्या अप्रेझलमध्ये ह्याची नोंद होईल एवढं तरी मागून घ्या. आमच्याकडे शिकवणाऱ्याला महिन्याला ठरावीक रक्कम देतात, फार मोठी नाही, पण पगाराच्या स्लिपवर वेगळी ओळ दिसते. ती ओळ आल्यापासून काका लोक स्वतः विचारायला येतात की पुढचा कोण.

तुम्ही ५० चे असाल आणि शिकवणारा २६ चा असेल, तर तो ज्या टेबलावर शिकवतो तिथे तो गुरू. अहो-जाहो करा, वेळ पाळा. आमच्या मेंटेनन्समधले काका, ५४ वर्षांचे, मुलाच्या वयाच्या पोराकडून पीएलसी शिकले. पहिल्याच दिवशी त्याला म्हणाले, मला रिले लॉजिक येतं, शिडी (लॅडर, म्हणजे शिडीसारखी सर्किटची आकृती) मला माहिती आहे, लॅपटॉप मला येत नाही, तिथून सुरू कर. काय येतं आणि काय नाही हे इतकं सरळ सांगितल्यामुळे त्या पोराचा अवघडलेपणा गेला आणि पुढचं सोपं झालं.

पायरी ३: कामाचे तुकडे करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच सगळे गाळतात. "सेटिंग शिकणे" असं लिहून काहीच होत नाही. शिकवणाऱ्याबरोबर दोन तास बसा आणि त्या कामात हाताने नेमकं काय काय करावं लागतं ते एकेक लिहा. दादांची यादी ३१ तुकड्यांची झाली होती. थोडे सांगतो: ड्रॉइंग वाचून डेटम (मापं जिथून घ्यायची ती बाजू) ओळखणे. व्हाइस (जॉब पकडायचा शिकंजा) डायल लावून सरळ करणे. पॅरलल लावून जॉब बसवणे. एज फाइंडरने जॉबचा शून्य काढून जी-५४ मध्ये (मशीनमधल्या शून्याच्या नोंदीत) भरणे. टूलची लांबी घेऊन ऑफसेट (मापातली दुरुस्ती) टाकणे. सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ) ड्राय रन, म्हणजे जॉब न कापता चालवून बघणे. पहिला पीस काढून मोजणे. इन्सर्टची झीज ओळखून ऑफसेट बदलणे. टूल तुटल्यावर प्रोग्रॅम मधून सुरू करणे.

हा शेवटचा तुकडा यादीत कुणालाच आठवला नव्हता. काकांना तो इतका सवयीचा की सांगावासाच वाटला नाही, आणि नाइट शिफ्टला एकट्याला पहिला प्रसंग तोच येतो. म्हणून यादी झाली की शिकवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: मागच्या महिन्यात तुम्हाला घाम कशाने फुटला? उत्तर येईल ते यादीत घाला.

ऑफिसच्या कामालाही हेच. अकाउंट्सचं तर कॅलेंडरच तुकडे पाडून देतं. ७ तारखेपर्यंत टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १४ ला २-बी (सप्लायरनी दाखवलेल्या बिलांची यादी) तयार होतं ते आपल्या खरेदीच्या नोंदींशी जुळवायचं, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३-बी (जीएसटी भरायचं महिन्याचं रिटर्न). पहिला महिना फक्त शेजारी बसून बघा, दुसऱ्या महिन्यात ११ तारखेचं काम तुम्ही करा आणि ताई तपासतील, तिसऱ्यात २-बी ची जुळवणी घ्या, कारण तिथेच खरी गंमत आणि खरी डोकेदुखी आहे, सप्लायरने बिल दाखवलेलंच नाही, नंबर एका अंकाने चुकलाय, मागच्या महिन्याचं या महिन्यात आलंय. सहा महिन्यांत ते चक्र सहा वेळा तुमच्या हाताखालून जातं. एखाद्या महागड्या क्लासमध्ये तीन दिवसांत हे कळणार नाही.

पायरी ४: अर्ज द्या

तोंडी विचारून झालं की लेखी द्या. भाषा साधी ठेवा. हा मसुदा वापरा, आपल्याप्रमाणे बदल करा:

"मा. प्लांट हेड यांस,
मी प्रेस शॉपमध्ये २००९ पासून काम करतो. तिसऱ्या शिफ्टला सेटर नसल्याने मागच्या महिन्यात व्हीएमसी क्र. ३ एकूण ११ शिफ्ट बंद राहिले. मला सेटिंगचं काम शिकायचं आहे. श्री. ______ शिकवायला तयार आहेत. दर मंगळवारी व गुरुवारी २ ते ५ या वेळेत, ९ महिने, सध्याच्या पगारात व सेवेत खंड न पडता शिकण्याची परवानगी मिळावी. या वेळेत आम्हा दोघांचं उत्पादनाचं टार्गेट त्या प्रमाणात कमी धरावं. कामाच्या ३१ भागांची यादी सोबत जोडली आहे. दर तीन महिन्यांनी माझी तपासणी व्हावी. शेवटची तपासणी पास झाल्यास सेटर ग्रेडसाठी माझा विचार व्हावा, ही विनंती."

बंद शिफ्टचा आकडा तुमच्या वहीतला खरा टाका, अंदाजे नको. या एका ओळीमुळे अर्ज उपकार मागणारा राहत नाही, कंपनीच्या तोट्याचा इलाज होतो.

उत्तरात जे पत्र मिळेल त्यात काय काय हवं ते बघा: आठवड्याचे तास आणि वार, मुदत, शिकवणाऱ्याचं नाव आणि तो नसेल तर दुसरा कोण, पगार आणि सर्व्हिस तशीच राहील हे वाक्य, जमलं नाही तर जुन्या जागेवर परत घेतील हे वाक्य, आणि पास झाल्यावर काय होईल ते. बाँडवर सही मागितली तर किती महिने आणि किती रक्कम हे वाचा, कंपनीने तुमच्यावर खरोखर काही खर्च केलाय का, बाहेरच्या कोर्सची फी वगैरे, ते बघा. मूळ सर्टिफिकेटं कुणालाही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या.

हे मी इतकं ताणून का सांगतोय तर माझ्या पहिल्या नोकरीत मला १८ महिने ट्रेनी म्हणून ठेवलं होतं. पत्रात तास नव्हते, शिकवणाऱ्याचं नाव नव्हतं, परीक्षा नव्हती. १८ महिने मी एकाच मशीनवर एकच बुश काढला, बाकीच्या ऑपरेटरइतकाच, पगार मात्र ट्रेनीचा. सोडताना अनुभवाच्या दाखल्यावर सगळ्या मशीनची नावं होती, मला त्यातलं एकच येत होतं, आणि पुढच्या इंटरव्ह्यूला पहिल्याच प्रश्नात ते उघडं पडलं. त्या दिवसाचं वाईट अजून वाटतं. माझ्या हाताखालच्या कुणावर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

पायरी ५: प्रत्यक्ष शिकताना

प्रत्येक तुकडा चार टप्प्यांतून न्या: बघणं, सोबत करणं, नजरेखाली करणं, एकट्याने करणं. यादीसमोर चार रकाने आखा आणि प्रत्येक टप्प्याला तारीख आणि शिकवणाऱ्याची सही घ्या. पहिल्या दोन टप्प्यांत जास्त रेंगाळू नका, हात चालल्याशिवाय काही होत नाही.

दादांचा एक दिवस सांगतो, मी तिथेच होतो. काकांनी टेबलावरच्या व्हाइसचे बोल्ट ढिले केले आणि तळहाताने व्हाइस जरासा फिरवला. मग म्हणाले, करा सरळ. दादांनी स्पिंडलला पुपीटास (काट्याचं डायल गेज) लावलं, पक्क्या जबड्याला टेकवलं, एका टोकाला काटा शून्यावर आणला आणि टेबल एक्समध्ये दुसऱ्या टोकापर्यंत नेला. काटा बारा घरं गेला, म्हणजे ०.१२ मिलिमीटर वाकडा. नायलॉनच्या हातोडीने टकटक करून त्यांनी तो शून्यावर आणला, बोल्ट आवळला आणि समाधानाने मागे सरकले. काका काहीच बोलले नाहीत, नुसतं डायलकडे बोट केलं. आवळताना व्हाइस परत चार घरं सरकला होता. दादांनी परत सोडला, परत केला, यावेळी एक बोल्ट अर्धवट आवळून ठेवला, दुसऱ्या बाजूने टकटक केलं, दोन्ही बोल्ट थोडे थोडे आवळत गेले आणि शेवटी परत टेबल फिरवून बघितलं. शून्य. काकांनी लगेच व्हाइस परत ढिला केला. त्या तीन तासांत दादांनी तो व्हाइस चौदा वेळा लावला. पहिल्यांदा पंचवीस मिनिटं लागली होती, शेवटच्या वेळी सहा. दोन वर्षं मागे उभं राहून बघताना त्यांना हेच दिसत होतं, पण आवळताना व्हाइस सरकतो हे बघून कळत नाही, ते आपल्या हातातल्या पान्याला कळायला लागतं.

वही रोज लिहा. काय केलं यापेक्षा काय फसलं आणि का, ते लिहा. दादांच्या वहीत एक पान आहे: बोअर (भोक) २५ एच-७, व्हर्निअरने मोजून ओके म्हणालो, क्वालिटीने रिजेक्ट केला. खाली काकांच्या अक्षरात: एच-७ म्हणजे २५.००० ते २५.०२१, व्हर्निअरचा एक काप ०.०२, मग व्हर्निअर काय सांगणार, बोअर गेज घे. कुठला टॉलरन्स कशाने मोजायचा हे दादा आता कुणाला विचारत नाहीत.

चुका होणार, जॉब वाया जाणार. किती पीस आणि कुठलं मटेरियल सरावासाठी वापरायचं ते आधी ठरवून घ्या, स्टोअरमधले जुने रिजेक्ट पीस मागा, कुणी नाही म्हणत नाही. सुरक्षेत मात्र सूट नाही: फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे नाहीत, अंगठी नाही, बाह्या मोकळ्या नाहीत, आणि पहिल्या ड्राय रनला रॅपिड (टूलची वेगाची चाल) कमी करून बोट फीड होल्डवर (चाल थांबवायच्या बटणावर). हॉस्पिटलमध्ये असाल तर तिथले नियम याहून कडक असतात, एकट्याने करायचा टप्पा वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय घेऊच नका.

पायरी ६: थिअरी कुठून आणायची

हाताला आलेलं डोक्यात नीट बसायला थोडं पुस्तक लागतंच, विशेषतः शाळा सोडून वीस वर्षं झाली असतील तर. आयटीआयच्या ट्रेडसाठी निमी या सरकारी संस्थेची पुस्तकं आहेत, थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगळी, आणि भारतस्किल्स पोर्टलवर आयटीआयचा अभ्यासक्रम आणि बाकीचं साहित्य फुकट मिळतं. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये सीएनसी, कॅड-कॅमचे कमी मुदतीचे कोर्स असतात, कंपनी फी भरत असेल तर जरूर जा. ऑफिसच्या कामासाठी स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन पोर्टलांचे कोर्स फुकट बघता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच फी. शिक्षण अर्धवट राहिलं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांनी तिथून पदवी घेतली. आणि काम येतं पण कागद नाही अशांसाठी कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय आहे, आरपीएल म्हणतात तिला, आपल्या ट्रेडची परीक्षा चालू आहे का ते एचआरला विचारा.

एक पथ्य पाळा: ज्या आठवड्यात हाताने जे करताय त्याच आठवड्यात त्याचं पुस्तक वाचा. आधी सगळी थिअरी संपवून मग मशीनवर जाणारे कंटाळून सोडतात.

चाळिशी ओलांडली असेल तर चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या. हसू नका, दोन जण ड्रॉइंग वाचता येत नाही म्हणून मागे पडत होते आणि कारण चष्मा निघालं. आणि घरी सांगा की नऊ महिने आठवड्यातले दोन दिवस ओव्हरटाइम कमी येईल, पैशाची जुळवणी आधी करा, कारण बरेच जण चौथ्या महिन्यात शिकणं सोडतात ते ओव्हरटाइम बुडतो म्हणून.

तास खाल्ले जायला लागले तर

जाणारच. महिनाअखेर आली, ऑडिट आलं, कस्टमर येणार आहे, आज राहू दे. एखादा दिवस ठीक आहे, नाही म्हणू नका, पण त्याच पानावर लिहा: आजचे ३ तास प्रॉडक्शनला दिले, आणि सुपरवायझरची सही घ्या. महिन्याच्या शेवटी बेरीज करून साहेबांना दाखवा, भांडण न करता, की २४ पैकी १५ मिळाले, ९ पुढच्या महिन्यात भरून द्या. आमचा अनुभव असा की सही मागितल्यावर सुपरवायझर स्वतःच विचार करतात, खरंच आज गरज आहे का. महिन्याचा शेवटचा आठवडा डिस्पॅचचाच असतो, तर वेळापत्रक करतानाच तो सोडून द्या आणि पहिल्या तीन आठवड्यांत तास वाढवून घ्या.

शिकवणारा बदलून गेला किंवा त्याने नोकरी सोडली तर यादी आणि वही तुमच्याकडे आहे, नवीन माणसाला कुठून सुरू करायचं ते पहिल्या दिवशी कळतं. आधीच्याला फोन करून रविवारी दोन तास मागा, बहुतेक जण आनंदाने देतात.

कॉन्ट्रॅक्टवर असाल तर अवघड आहे, हे खरंय. कंपनी म्हणते तुम्ही ठेकेदाराचे, ठेकेदार म्हणतो शिकवणं माझं काम नाही. तरी सह्यांची यादी ठेवा, शिकवणाऱ्याची सही आणि तारीख असलेला तो कागद दुसरीकडे इंटरव्ह्यूला नुसत्या अनुभवाच्या दाखल्यापेक्षा जास्त बोलतो.

शेवटची तपासणी आणि ग्रेड

परीक्षा शिकवणाऱ्याने घेऊ नये, दुसऱ्या शिफ्टचा सेटर आणि क्वालिटीचा माणूस असे दोघं असावेत. जॉब आधी न केलेला, ड्रॉइंग हातात, वेळ ठरलेली. दादांना ॲल्युमिनियमचं एक हाउसिंग दिलं होतं, चार तास. पावणेचार तासांत पहिला पीस ओके झाला. काका मुद्दाम शॉपच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबले होते, तिथून बघत होते.

पास झाल्यावर तीन कागद मागा आणि ते मिळेपर्यंत मागत राहा: नवीन पदाचं पत्र, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये केलेल्या नोंदीची प्रत, आणि पगारवाढ कुठल्या तारखेपासून ते. पहिले तीन महिने नवीन कामाबरोबर जुनी जागाही सांभाळा असं सांगतील, तर त्या तीन महिन्यांची शेवटची तारीख पत्रात आहे का बघा. नसेल तर एचआरच्या टेबलावरून उठायच्या आधी तिथेच लिहून घ्या.